काटेसाहेबांचा चीज-पाव

बुधवारी संध्याकाळी चहाचा कप बशीत ठेवता ठेवता काटेसाहेब बोलून गेले, "रविवारी पाच वाजता खायला मी करतो."

मनात भलतंच होतं. मनात होतं, "जाऊ नकोस." तोंडातून निघालं हे. (पुरुषाच्या मनापासून तोंडापर्यंतचा रस्ता फार वळणाचा असतो. निघालेली गोष्ट पोचेपर्यंत तिचं काय झालेलं असेल, सांगता येत नाही.)

त्याचं झालं असं की, थोड्या वेळापूर्वी मोठ्या मेव्हणीचा फोन आला होता. सहा तासांवरच्या गावात तिचा गणवेश शिवायचा कारखाना. एका मोठ्या इस्पितळाचं काम मिळालेलं, आणि नेमकी कटिंगची बाई सोडून गेलेली. "तू ये," ती बहिणीला म्हणाली. "सहा महिने ये. जमलं तर वर्षभर राहा. रविवारी मी गाडी घेऊन तुमच्याकडे येतेच आहे. यायचं असेल तर बॅग भरून ठेव."

काटेसाहेबांच्या बायकोचा कात्रीवर हात असा की, समोरच्या माणसाकडे ती एकदा वरपासून खालपर्यंत बघायची आणि आपल्या कागदी मापांतलं नेमकं काढून सरळ कापड कापायला घ्यायची. टेप गळ्यात असायची, पण ती शोभेला. कपडा बसला नाही म्हणून कोणी परत आलंय, असं कधी झालं नव्हतं. अशा बाईला कोण बोलावणार नाही?

फोन ठेवून तिने विचारलं होतं, "मी जाऊ का? तुमचं काय म्हणणं?"

आणि त्यावर हे उत्तर. कॉलेजात जाणारी लेक कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती, तिने मान वर केली.

"बाबा, शेगडी कुठल्या बाजूने पेटते माहितीये का?"

"माणसाने मनावर घेतलं की सगळं पेटतं," काटेसाहेब म्हणाले. (पुढे हे शब्दशः खरं ठरलं.)

काटेसाहेब हे त्यांचं नाव नव्हे, हे आधी सांगायला हवं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक. बाजारातले वजनकाटे तपासायचे, बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा, चूक असेल तो जप्त करायचा, हे त्यांचं काम. बावीस वर्षं एकाच बाजारात हेच केल्यामुळे बाजाराने त्यांना हे नाव दिलं, आणि ते घरापर्यंत चालत आलं. घरी तरी वेगळं काय होतं? सकाळचा पाव आला की आधी काट्यावर. "आज बारा ग्रॅम कमी आहे हं." बायको म्हणायची, "मग तेवढी हवा खा." सूपमध्ये मीठ किती, हे ते चव घेण्याआधी विचारायचे. लग्न झाल्यापासून "छान झालंय" हे दोन शब्द त्या घरात उच्चारले गेले नव्हते. सगळ्यात वरचा शेरा होता, "प्रमाणात आहे."

असा माणूस बायकोला "तू गेलीस तर मला करमणार नाही" हे कसं म्हणणार? त्याचं प्रमाण काय, एकक काय? म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं, बोलायचं नाही, करून दाखवायचं. तिच्यासाठी असं काहीतरी करायचं की तिने स्वतःहूनच म्हणावं, नाही जात बाई मी.

करायचं काय, तेही त्यांना लगेच सुचलं. वीस वर्षांच्या सेवेबद्दल खात्याने त्यांना एक ओव्हन दिला होता. ओव्हन वापरात नव्हता. पहिल्याच दिवशी बायको केक करायला गेली तर हे थर्मामीटर घेऊन शेजारी उभे. तिने केक बंद केला आणि ओव्हनमध्ये आपली कपडे बेतायची कागदी मापं ठेवायला लागली. पण त्या ओव्हनबरोबर एक पुस्तिका आली होती, तिच्या पहिल्या पानावर चित्र होतं. लांबलचक पाव मधोमध उभा चिरलेला, त्यावर स्टेकच्या, म्हणजे कोवळ्या मांसाच्या, पातळ पट्ट्या, कांदा, ढोबळी मिरची, मशरूम, आणि या सगळ्यावरून वितळून खाली ओघळणारं चीज. ते चित्र बघून बायको त्या दिवशी म्हणाली होती, "हे एकदा खायला हवं हो." काटेसाहेबांनी तेव्हा नुसतं पान उलटलं होतं. पण लक्षात ठेवलं होतं. दोन वर्षं.

गुरुवारी बायकोने पुन्हा विचारलं, "मग? ठरलं का तुमचं काही?"

"चीज कोणत्या दुकानात मिळतं?" काटेसाहेबांनी विचारलं.

शुक्रवारी ती म्हणाली, "ताईला कळवायचंय. तुमच्या मनात काय आहे ते एकदा सांगून टाका ना."

"रविवारपर्यंत थांब."

"थांबते," ती म्हणाली, आणि उगाचच टेबल पुसायला लागली. टेबल स्वच्छ होतं.

शनिवारी काटेसाहेबांनी पुस्तिका उघडून कृती वाचली, आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. कांदा मूठभर. मीठ बेताचं. मिरपूड चवीनुसार. चीज सढळ हाताने. ओव्हनमध्ये सोनेरी होईपर्यंत. ही कृती आहे की निनावी पत्र? मूठ कोणाची? सढळ म्हणजे किती ग्रॅम? सोनेरी रंगाचा नमुना सोबत का जोडलेला नाही? त्यांनी लेकीला बोलावलं.

"मूठ दाखव."

"का?"

"दाखव म्हणतो ना!"

तिने मूठ दाखवली. त्यांनी आपली दाखवली. दोन्हींत चांगलाच फरक. मग शेजारच्या आजोबांची मूठ बघून तिघांची सरासरी काढावी, असं त्यांच्या मनात आलं. पण आजोबा भांडकुदळ, मूठ दाखव म्हटल्यावर ते काय करतील याचा नेम नव्हता. निदान काट्यावर तरी भागेल म्हणून ते स्वयंपाकघरातला छोटा काटा काढायला गेले, तर तो जागेवर नाही.

"मी कपाटात कुलूप लावून ठेवलाय," बायको आतून म्हणाली. "किल्ली माझ्याकडे आहे. एकदा तरी तुमच्या हातचं खायचंय मला. काट्याच्या हातचं खूप खाल्लं."

रविवारी सकाळी ती शिवलेले कपडे घरोघर पोचवायला निघाली. ताई तिला बाहेरच भेटणार होती, दोघी मिळून पाचला घरी येणार होत्या. दारात थांबून तिने काटेसाहेबांकडे असं पाहिलं की, आत्ता काही म्हणायचं असेल तर म्हणा. काटेसाहेब म्हणाले, "येताना मिरपूड आण." ती गेली.

आता बाजार. काटेसाहेब बावीस वर्षांत बाजारात हजार वेळा गेले होते, पण पिशवी घेऊन कधी नाही. रविवारी तर नाहीच. त्यामुळे भाजीच्या गल्लीच्या तोंडाशी ते दिसले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बातमी गेली, "काटेसाहेब! सुट्टीच्या दिवशी! साध्या कपड्यात!" म्हणजे अचानक धाड. फटाफट काटे गोणपाटाखाली गेले. एका भाजीवालीने तर तराजू मांडीखाली घेऊन वर पदर पसरला.

"अर्धा किलो कांदे द्या," काटेसाहेब म्हणाले.

"नगावर सांगा साहेब."

"अर्धा किलो, म्हटलं."

"साहेब, आज आम्ही वजन करतच नाही. आज नुसतं मोजून."

"कधीपासून?"

"आत्तापासूनच."

शेवटी सहा नग कांदे, चार नग ढोबळी मिरच्या, आणि मशरूमवालीने डोळे मिटून पिशवीत टाकले तेवढे मशरूम, एवढं घेऊन ते पुढे निघाले. बेकरीवाल्याने दोन लांब पाव आणि चीजची वडी इतक्या लगबगीने हातात कोंबली की, आता पुन्हा मागे वळून बघू नका हे वेगळं सांगायला लागलं नाही.

उरला खाटीक. हा एक नंबर धिप्पाड माणूस, पण मनाने भित्रा. त्याच्या दुकानात दोन बायका रांगेत उभ्या होत्या. काटेसाहेबांना बघितल्यावर त्याच्या हातातला सुरा जागच्या जागी थांबला.

"साहेब, काटा एकदम ओके आहे," तो न विचारताच म्हणाला.

झालं! माणसाने न विचारता "ओके आहे" म्हटलं की निरीक्षकाला राहवतं थोडंच? पिशवी खाली ठेवून काटेसाहेबांनी खिशातून अर्ध्या किलोचं वजन काढलं (ते कायम खिशात असायचं, त्यांची प्रत्येक पँट उजवीकडून खाली ओढलेली दिसायची, बायको वर्षानुवर्षं डावीकडे बटण सरकवून ते सांभाळायची) आणि काट्यावर ठेवलं. काट्याने दाखवलं चारशे ऐंशी.

"वीस ग्रॅमचा फरक."

"पण साहेब, तो गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे! मी वीस ग्रॅम जास्तच देतोय!"

"जास्त देणं म्हणजे बरोबर देणं नव्हे."

"अहो, नुकसान माझं होतंय ना?"

"चूक कोणाच्या फायद्याची आहे, हे बघायला खातं मला ठेवत नाही. काटा जप्त."

रांगेतल्या दोन बायकांच्या साक्षीदार म्हणून सह्या झाल्या. सह्या करताना त्या काटेसाहेबांकडे ज्या नजरेने बघत होत्या, त्या नजरेला कोणताच शिक्का लागला नसता. चांगलं वीस ग्रॅम जास्तीचं मिळत होतं, ते या गृहस्थाने सकाळी सकाळी येऊन बंद पाडलं. काटा सीलबंद झाला, दोरी बांधली, लाखेवर ठसा उमटला. कामाच्या समाधानाने काटेसाहेबांनी हात झटकले.

"हां. आता मला अर्धा किलो स्टेकचं मांस द्या. चांगलं, कोवळं."

खाटीक त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कशावर?"

खरं होतं. शिक्क्याच्या काट्याशिवाय मांस विकणं हा गुन्हा, आणि गुन्ह्याचा माल विकत घेणं निरीक्षकाला शोभत नाही. "असंच न्या ना साहेब, माझ्याकडून," खाटीक म्हणाला. त्यावर काटेसाहेब असे गरजले की रांगेतल्या दोन्ही बायका निघून गेल्या. फुकट मांस! म्हणजे लाच! ते तिथून ताठ मानेने निघाले. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या काखेत खाटकाचा काटा. मांस नाही.

घरी लेकीने दार उघडलं.

"हे काय? स्टेक कुठाय?"

"हा काटा आणलाय."

"हा भाजणार?"

काटेसाहेबांनी काटा कोपऱ्यात ठेवला. ते स्वयंपाकघरात गेले आणि अंगात एप्रन चढवला. तो पाठीमागे बांधायचा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तो कोटासारखा पुढून बांधला. मांसाचं पुढे बघू, आधी ओव्हन तापवू, म्हणून त्यांनी दार उघडलं. आत बायकोची कागदी मापं. बाह्यांची, कॉलरची, खिशांची, वर्षानुवर्षं जपलेली. आणि तेव्हा, खोटं कशाला सांगायचं, या सरळमार्गी माणसाच्या डोक्यात एक पाप आलं. म्हणायचं, आपण ओव्हन उघडलाच नाही. नुसतं बटण फिरवलं. आत काय आहे, आपल्याला काय माहीत? मापं गेली की कटिंग गेलं, कटिंग गेलं की कारखाना गेला, आणि बायको घरात! हात बटणापर्यंत गेला होता. पण बावीस वर्षांची सवय मध्ये आली. त्यांनी ती मापं एक एक करून काढली, क्रमाने लावली, दोऱ्याने बांधली आणि बाहेरच्या टेबलावर ठेवली. मग खुर्चीवर बसून त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

पहिला पाव दहा मिनिटांत कोळसा झाला. सोनेरी व्हायची वाट बघत ते काचेला नाक लावून बसले होते. तो सोनेरी कधी झाला आणि पुढे कधी गेला हे कळलंच नाही. मग कांदा. कांदा चिरताना डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यात कांद्याचा वाटा किती आणि स्वतःचा किती, हे सांगायला घरात मोकळा काटा नव्हता. दोन वाजले, तीन वाजले. बायको जाणार, हे त्यांना आता स्वच्छ दिसायला लागलं होतं. सकाळी उठल्यावर शिलाई मशीनचा आवाज नसणार. पाव बारा ग्रॅम कमी आहे म्हटल्यावर "हवा खा" म्हणणारं कोणी नसणार.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. दारात खाटीक, हातात कागदात बांधलेलं मांस.

"साहेब, पाया पडतो. रविवारचा धंदा आहे. काटा सोडा."

"आणि हे काय आहे?"

"काही नाही साहेब, घरचंच समजा."

"लाच!"

"बाबा, थांबा," लेक आतून आली. "मी विकत घेते. मी खात्यात नाहीये. काका, हे घ्या पैसे. मी काही विचारलं नाही, तुम्ही काही सांगितलं नाही." पैसे देऊन तिने मांस टेबलावर ठेवलं, दप्तर उचललं आणि ती मैत्रिणीकडे अभ्यासाला निघून गेली. तत्त्वावर तोडगा निघाला म्हणून काटेसाहेबांनी सुटकेचा नि:श्वास सोडला. खाटीक मात्र गेला नाही. काटा मिळेपर्यंत तो मागच्या पायरीवर बसून राहिला, आणि तिथून त्याला शेगडी सरळ दिसत होती.

काटेसाहेबांनी सुरी घेतली आणि मांसाचे तंतू धरून लांब लांब, जाड जाड तुकडे केले. अर्धं मांस गार तव्यावर घातलं, खाली शेगडी पेटवली. मांसाला पाणी सुटलं. ते त्यात करड्या रंगाचं होऊन रटरटायला लागलं. खाटीक पायरीवर चुळबुळला. मग त्याने डोळे झाकले. मग त्याच्याच्याने राहवेना.

"साहेब! काटा न्या, दुकान न्या, मला न्या. पण मांसाचे असे हाल करू नका!"

"का, काय झालं?"

"अहो, हे असं कापलं की चपलेचा तळ होतो! चावून चावून दात हातात येतील. सरा बाजूला."

आणि तो धिप्पाड माणूस आत शिरला. उरलेलं मांस त्याने आडवं धरलं, आणि तंतूंच्या आडव्या, कागदासारख्या पातळ पट्ट्यांची रास झाली. तवा रिकामा करून धूर निघेपर्यंत तापवला. मांस टाकलं, दोनदा हलवलं, काढलं. मिनिटसुद्धा नाही. त्याच तव्यावर लोणी, कांदा, मिरची, मशरूम. मीठ तीन बोटांच्या चिमटीत उचलून असं भिरकावलं की काटेसाहेबांच्या काळजाचा ठोका चुकला.

"किती घातलंत?"

"पुरेल एवढं."

दुसरा पाव उभा चिरून, लोणी लावून त्याने नुसताच भाजून घेतला. "आधी भाजला नाही तर गिळगिळीत होतो साहेब. आणि चीज खाली पण, वर पण. खालचं चीज रस अडवतं." मांस, भाज्या, पुन्हा चीज, ओव्हन. काटेसाहेबांनी काय केलं? त्यांनी ट्रे धरला. नंतर तोच ट्रे फडक्याशिवाय धरला, आणि दोन बोटं भाजून घेतली.

पावणेपाचला घरभर असा वास सुटला की भांडकुदळ आजोबासुद्धा कुंपणापाशी येऊन उभे राहिले. चित्रातल्यापेक्षा सरस पाव ट्रेमध्ये होता, कडांनी चीज बुडबुडत होतं. आणि पुढच्या दाराशी बायकांचे आवाज आले.

आता खरं सांगून टाकायला काय हरकत होती? पण माणूस एकदा गर्वाच्या घरात शिरला की मागचं दार आधी बंद करतो.

"तुम्ही बाहेर पायरीवर थांबा," ते कुजबुजले.

"समजलं साहेब. मी इथे नव्हतोच."

"नव्हतातच."

बायको, मेव्हणी आणि वाटेत भेटलेली लेक, तिघी टेबलाशी बसल्या. काटेसाहेबांनी भाजलेली बोटं मागे लपवून वाढलं. पहिला घास घेऊन मेव्हणी म्हणाली, "अगं बाई!" आणि खात सुटली. बायको मात्र हळूहळू खात होती. एक तुकडा संपला, तिने दुसरा घेतला. तिचे डोळे भरून आले.

"खरंच तुम्ही केलंत?"

"मग कोणी केलं?" काटेसाहेब म्हणाले. "मांस तंतूंच्या आडवं कापायचं असतं. आणि खालचं चीज रस अडवतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं."

बायकोने बशी खाली ठेवली, हात पुसले, आणि ती बहिणीकडे वळली.

"ताई, मी येते तुझ्याबरोबर."

काटेसाहेबांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "येतेस म्हणजे? कुठे?"

"अहो, माझा जीव एवढ्यातच तर अडकला होता! बुधवारपासून मी ताईला सांगत होते, मी आले तर या माणसाच्या पोटाचं काय? पाणी उकळता येत नाही यांना. लेक तिच्या अभ्यासात. दोघं उपाशी मरतील. पण आज..." तिने डोळे पुसले. "आज काळजीच मिटली माझी."

"मी तर म्हणत होते, या पुरुषाला चहा जमायचा नाही," मेव्हणी म्हणाली. "भाऊजी, मानलं तुम्हाला!"

काटेसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी नाही केलं!" ते ओरडले. "मी काही केलं नाही! मी पहिला पाव जाळला! अर्धं मांस वाया घालवलं! हे सगळं खाटकाने केलंय!"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"सांग ना गं तू!" ते लेकीला म्हणाले.

"मी कुठे होते बाबा? काका मांस देऊन गेले, तेवढं मला माहितीये."

"गेले नाहीत! मागे बसलेत!" काटेसाहेब धावत गेले आणि खाटकाला दंडाला धरून आत घेऊन आले. "सांगा यांना. खरं खरं सांगा. हे कोणी केलं?"

खाटकाने एकदा काटेसाहेबांच्या लाल झालेल्या तोंडाकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यातल्या आपल्या सीलबंद काट्याकडे. आपली परीक्षा चालली आहे, हे त्याने ओळखलं.

"साहेबांनी," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "मी मांस दिलं आणि बाहेर बसलो. मला हात लावू दिला नाही साहेबांनी. म्हणाले, आज सगळं मी एकटा करणार."

"अहो, खोटं का बोलता!"

"आईची शपथ! वहिनी, इतका मोठा माणूस, पण कौतुक म्हणून घेत नाही बघा."

बायकोला आता रडूच फुटलं. "इतकी वर्षं झाली," ती म्हणाली, "आज पहिल्यांदा तुम्ही स्वतःचा मोठेपणा नाकारताय. आणि तोही माझ्यासाठी केलेल्या गोष्टीचा." ती उठून बॅग भरायला गेली. बाहेरच्या टेबलावर तिला मापांचं बांधलेलं पुडकं दिसलं, तेव्हा तर तिने ते छातीशीच धरलं. "हीसुद्धा लावून ठेवलीत! अगदी जायची तयारी करून दिलीत हो मला!"

खाटकाने काटेसाहेबांच्या कानाशी तोंड नेलं. "राखली ना बाजू?"

"सोमवारी कार्यालयात या," काटेसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता.

साडेसहाला गाडी दारात लागली. बॅगा ठेवल्या, मशीन ठेवलं. बायको पुढच्या सीटवर बसून काच खाली करत होती, आणि काटेसाहेबांना कळलं की आता उरलं ते एवढंच. त्यांनी खिडकीची कड धरली. भाजलेली बोटं चरचरली.

"जाऊ नकोस," ते म्हणाले. "तू नसलीस तर मला घरात करमणार नाही. खायचं सोड. खरंच नाही करमणार."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती हसली आणि त्यांच्या हातावर थोपटलं. "चला, निरोपाला काय बोलायचं असतं, ते पण शिकलात. सहा महिने हां, जास्त नाही. फार तर वर्ष."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. काटेसाहेब फाटकाशी उभेच होते. लेक पायरीवर बसून शेवटचा तुकडा खात होती.

"बाबा," ती तोंड पुसत म्हणाली, "हे जे आत्ता बोललात ना, ते बुधवारी बोलला असतात, तर आई गेलीच नसती. तेवढं ऐकायलाच तर ती रोज तुम्हाला विचारत होती."

काटेसाहेब सावकाश तिच्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग चार दिवस मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं," लेक म्हणाली, "तुम्हाला खरंच स्वयंपाक शिकायचाय."